रस्ता काय मोटारवाल्यांना आंदण दिला आहे?

राजकारण्यांना सायकल वर्षातून दोनदा आठवते. पेट्रोल महागले म्हणजे, आणि ३ जून उजाडला म्हणजे. महागाईच्या सायकलीला एकच अट असते: महागाई दुसऱ्याच्या सरकारची हवी. १ मार्च २०२१ रोजी राज्याच्या अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी काँग्रेसचे आमदार सायकली हाकत विधान भवनात पोचले, कारण बोट दिल्लीकडे दाखवायचे होते. त्याच वर्षी ३ ऑगस्टला राहुल गांधी विरोधी खासदारांना घेऊन सायकलवरून संसदेकडे निघाले. दिल्लीत ज्यांची सत्ता आहे त्यांनाही सायकलचे वावडे नाही. क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी डिसेंबर २०२४ मध्ये दर रविवारच्या सायकलफेरीचा उपक्रमच काढला. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ साली ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरवला आणि आपल्या गल्लीतल्या पुढाऱ्यांना आणखी एक सण फुकटात मिळाला. नवी कोरी गिअरची सायकल, कुणाकडून तरी मागून आणलेली. डोक्यावर हेल्मेट, गळ्यात उपरणे, पुढे पोलिसांची मोटारसायकल, मागे कार्यकर्त्यांचा घोळका, आणि त्याच्याही मागे साहेबांची स्वतःची मोटार, एसी चालू ठेवून. चौकात फोटो झाला की साहेब मोटारीत आणि सायकल टेम्पोत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच चौकातून सोलापूरच्या पूर्व भागातला यंत्रमाग कामगार सायकलने जातो. त्याच्या पुढे पोलीस नसतो. मागे असतो तो डंपर.

या दोन सायकलींत काय फरक आहे, हे आज आम्हाला नवी पेठेत उभे राहून या शहराच्या पुढाऱ्यांना विचारायचे आहे. दिल्ली-मुंबईच्या पुढाऱ्यांना नंतर बघू.

नवी पेठ म्हणजे सोलापूरची मुख्य बाजारपेठ. लग्नाचा बस्ता, दिवाळीचे कपडे, पाडव्याची खरेदी, मुलांच्या शाळेचे बूट, सगळे इथे. दुकानांपुढे दुचाक्यांची एक रांग, तिला चिकटून दुसरी, उरलेल्या बोळकांडीत एखादी मोटार तिरकी घुसलेली, आत बसलेला गृहस्थ हॉर्नवर हात ठेवून, आणि त्याची मंडळी दुकानात साड्या बघत असलेली. संध्याकाळी सातच्या सुमाराला इथून सायकल हातात धरून चालत नेणेसुद्धा मुश्कील. बसून चालवायची म्हटले तर कुणाच्या आरशाला हँडल लागते आणि मग सायकलवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. पुढारी हे रोज बघतात. त्यांना त्यात वाहतुकीची कोंडी दिसते. एक मोटार उभी राहायला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. नवी पेठेत तेवढ्या जागेचे दुकान भाड्याने घ्यायला जावे, म्हणजे आकडा ऐकून घाम फुटेल. तीच जागा मोटारवाल्याला रस्त्यावर तासन्‌तास फुकट मिळते. तेवढ्यात आठ-दहा सायकली सहज मावतात, पण त्या मावल्या तर त्याला ‘अतिक्रमण’ म्हणायला महापालिकेची गाडी हजर!

गंमत अशी, की याच पेठेतल्या फडताळांवर सोलापूरची चादर आणि टॉवेल रचलेले असतात. या चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा पुढाऱ्यांनी छाती फुगवून भाषणे केली. ती चादर विणणारा माणूस अशोक चौकातून, कन्ना चौकातून, घोंगडे वस्तीतून सायकलने या पेठेत येऊ शकतो का, हा प्रश्न त्या भाषणांत कुणाला सुचला नाही.

सोलापूर हे शहरच कामगाराच्या दोन पायांनी उभे केलेले आहे. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, जाम मिल. भोंगा झाला की या गावाच्या रस्त्यांवर माणसांचा लोंढा निघायचा, निम्मा पायी आणि निम्मा सायकलवर, हँडलला डबा, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. त्या काळात सायकल ही गरिबाची लाचारी नव्हती. पाळी चुकू नये म्हणून कष्टाने घेतलेली, रविवारी तेल-पाणी करून पुसून ठेवलेली ती घरातली मोलाची वस्तू होती. गिरण्या बुडाल्या. भोंगे थंड झाले. यंत्रमागाच्या शेडमध्ये पाळ्या मात्र चालूच राहिल्या आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे जाणारा माणूसही जातच राहिला. पूर्वी रस्त्यावर त्याची संख्या होती म्हणून त्याला कुणी ढकलत नसे. आज तो एकेकटा आहे, कडेला आहे आणि कडेवर खडी, चिखल, उघडे चेंबर आणि उभ्या मोटारी आहेत.

यावर पुढाऱ्यांचे ठरलेले उत्तर असते: ‘आता सायकल चालवतो कोण? सगळ्यांकडे गाड्या आल्या.’ नळाला चार-पाच दिवसांनी पाणी सोडायचे आणि सोलापूरकरांना रोज तहान लागत नाही असा निष्कर्ष काढायचा, त्यातलाच हा प्रकार! रस्ते जीवघेणे करून ठेवायचे, माणसाने भिऊन कर्ज काढून सेकंडहँड मोटारसायकल घ्यायची, दरमहा पगारातला हप्ता आणि पेट्रोल भरायचे, आणि त्याच्या त्या हप्त्याकडे बोट दाखवून यांनी म्हणायचे, पाहा, विकास झाला. शिवाय सगळ्यांकडे गाड्या आल्या हे खरेही नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ४४.८ टक्के घरांत सायकल होती. मोटार, जीप वा व्हॅन होती ४.७ टक्के घरांत. शेतीबाहेरच्या कामासाठी रोज प्रवास करणाऱ्यांची मोजणी त्याच जनगणनेने केली. तीत सायकलने जाणारे सुमारे १३ टक्के निघाले आणि मोटारीने जाणारे ३ टक्क्यांच्या आत. पायी जाणारे तर २२ टक्क्यांवर. त्यानंतर मोटारी वाढल्या, हे आम्हाला दिसते. पण ज्या वर्षी आकडे असे उघड होते त्या वर्षी तरी सायकलवाल्याच्या वाट्याला रस्त्याची किती इंच जागा आली, हे कुणी सांगावे!

दुसरे ठरलेले उत्तर याहून निर्लज्ज आहे. ‘गाडीवाला टॅक्स भरतो, सायकलवाला काय भरतो?’ चहाच्या टपरीवर कुणी हे बोलले तर समजू शकते. कायदे करणाऱ्यांच्या, अंदाजपत्रके मंजूर करणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य आले, की त्यांनी आयुष्यात अंदाजपत्रकाचे पान उलटले आहे की नाही अशी शंका येते. शहराच्या गल्लीबोळांतले रस्ते महापालिका करते. तिच्या तिजोरीत पैसा येतो तो मालमत्ता करातून आणि जकात-एलबीटी गेल्यावर राज्याकडून मिळणाऱ्या जीएसटीच्या अनुदानातून. भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार भाड्यातून मालमत्ता कर भरतो. साबणाच्या वडीवर, मुलाच्या चपलेवर तो जीएसटी भरतो. सायकल विकत घेताना त्याने २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत १२ टक्के जीएसटी भरला. २२ सप्टेंबरपासून तो ५ टक्क्यांवर आला, आणि लहान मोटारींचा २८ वरून १८ वर. सवलत कुणाला किती मिळाली ते ज्याचे त्याने मोजावे.

आणि इतिहास काय सांगतो? १९४९ च्या महापालिका कायद्याचे कलम १२७ उघडा. महापालिकेला ‘वाहने, नौका व प्राणी’ यांवर कर बसवण्याचा अधिकार त्यात आहे. या राज्यातल्या कितीतरी नगरपालिकांनी वर्षानुवर्षे सायकलीवर कर घेतला. पैसे भरायचे, पितळी बिल्ला घ्यायचा, तो हँडलखाली ठोकायचा. बिल्ला नसला की सायकल जमा. रात्री दिवा नसला की शिपायाने शिट्टी मारून थांबवायचे. डबलसीट सापडला की चाकातली हवा सोडायची आणि व्हॉल्व्ह काढून खिशात टाकायचा. आज साठीच्या पुढे असलेल्या कोणत्याही मराठी माणसाला विचारा, तो हे हसत हसत सांगेल. म्हणजे मोटारी जेव्हा शहरात बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, तेव्हा नगरपालिकेच्या रस्त्यांसाठी सायकलवाल्याच्या खिशातून रोकडा वसूल केला गेला. रस्ते मोठे झाले आणि त्यालाच सांगण्यात आले, बाबा रे, तू टॅक्स भरत नाहीस, बाजूला हो.

रस्ता खराब कोण करतो, याचेही गणित झालेले आहे. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर भारवाहू गाड्या अखंड चालवून पाहिल्या. निष्कर्ष असा, की रस्त्याची झीज आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला तर झीज सोळा पट. या हिशेबात सायकलने होणारी झीज मोजायला दशांश चिन्हापुढे किती शून्ये लागतील ते महापालिकेच्या अभियंत्यांनीच काढावे. खड्डा पाडतो डंपर, त्यात पडतो सायकलवाला, आणि खड्डा बुजवण्याच्या ठेक्यावर पोसला जातो तिसराच!

पण थांबा. पुढारी सायकलवाल्याला काहीच देत नाहीत असे म्हटले तर अन्याय होईल. ते त्याला सायकल देतात! फुकट देतात, हार घालून देतात, सायकलीवर स्वतःचे चित्र चिकटवून देतात. या देण्याची आम्ही टवाळी करणार नाही. बिहारमध्ये नितीशकुमारांनी २००६ साली नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलगा-मुलगी यांच्यातली दरी ४० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. एका सायकलीने जे केले ते शंभर परिपत्रकांना जमले नसते. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून १२५ मागास तालुक्यांतल्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. चांगले आहे. करावे, आणखी करावे.

आमचा प्रश्न पुढचा आहे. त्या मुलीने ती सायकल चालवायची कुठे? पश्चिम बंगालमध्ये या प्रश्नाचे उत्तर सर्वांत नागडेपणाने मिळाले. तिथल्या सरकारने २०१५ पासून ‘सबुज साथी’ योजनेत लाखो विद्यार्थ्यांना सायकली वाटल्या. आणि त्याच राज्याच्या राजधानीत पोलिसांनी २०१३ साली १७४ रस्त्यांवर सायकलींना बंदी घातली होती. दूधवाला, पेपरवाला, सुतार, गवंडी, सगळे गुन्हेगार! एका हाताने सायकल द्यायची, दुसऱ्या हाताने रस्ता काढून घ्यायचा. कारण सायकल दिल्याने मत मिळते. रस्त्यावर जागा दिली तर मोटारवाल्याची जागा कमी होते, आणि मोटारवाला म्हणजे देणगीदार, बिल्डर, संपादक, डॉक्टर, वकील, अधिकारी आणि पुढारी स्वतः. दान द्यायला पुढारी एका पायावर तयार असतो. हक्क मागितला की त्याला ट्रॅफिक आठवते.

म्हणून सायकलमार्ग काढायचा म्हटला की यांना तलाव आठवतात, बागा आठवतात, जलवाहिन्या आठवतात. रस्ता सोडून सगळे आठवते. मुंबई महापालिकेने २०१८ साली तानसा जलवाहिनीच्या कडेने ३९ किलोमीटरचा सायकलमार्ग जाहीर केला. पवईच्या तलावाकाठी दुसरा बांधायला घेतला. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवून काढून टाकायला लावला, आणि तलावाचा जीव वाचला हे बरेच झाले. पण ज्यांना साकीनाक्याहून अंधेरीला कामावर जायचे आहे त्यांनी तलावाला चक्कर कशाला मारावी? आणि वांद्रे-कुर्ला संकुलात खरोखर रस्त्यालगत जो सायकलमार्ग होता, तो मोटारींसाठी रस्ता रुंद करायचा म्हणून काढून टाकायला घेतला. म्हणजे नियम स्पष्ट झाला. सायकल मौजेसाठी असेल तर मार्ग मिळेल. पोटासाठी असेल तर डंपरच्या चाकाखाली जागा आहे.

पुण्याचे उदाहरण तर आणखी करुण. एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्याने २०१७ साली रीतसर सायकल आराखडा मंजूर केला, ८२४ किलोमीटर मार्गांचा! भाड्याच्या सायकली आल्या, रंगीबेरंगी, मोबाइलवर उघडणाऱ्या. दोन-तीन वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या आणि आराखड्यातले बहुतेक किलोमीटर कागदावरच धावत राहिले. जिथे मार्ग झाले तिथे त्यांवर मोटारी उभ्या, फेरीवाले उभे, विजेच्या डीपी उभ्या. तरी पुण्याने निदान आराखडा केला. आपण काय केले? स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत २०१६ च्या जानेवारीत सोलापूर नववे आले, तेव्हा फटाके वाजले. रस्ते उकरले, पुन्हा केले, पुन्हा उकरले. त्या सगळ्या स्मार्टपणात पूर्व भागातून नवी पेठेत सायकलने सुखरूप येण्याची सलग वाट तयार झाली का? असेल तर पुढाऱ्यांनी आम्हाला ती दाखवावी. आम्ही हार घेऊन येतो.

नियम नाहीत, अशी पळवाट कुणी काढू नये. भारतीय रस्ते महासभेने सायकलमार्ग कसा असावा, किती रुंद असावा, याची पुस्तिका १९६२ साली छापली आहे, आणि गर्दीच्या तासाला चारशे सायकली जात असतील तिथे वेगळा मार्ग करावा असे तीत लिहिले आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने सांगितले, की रस्त्याची जागा वाटताना विचार वाहनांचा नको, माणसांचा हवा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ घातले. रस्त्याच्या रचनेत ठरलेली मानके पाळली नाहीत म्हणून माणूस मेला किंवा जायबंदी झाला, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. महापालिका कायद्याचे कलम ६३ तर सार्वजनिक रस्ते राखणे आणि त्यांवरचे अडथळे हटवणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवते. बंधनकारक! मर्जीचे नव्हे. रस्त्यात फुकट उभी केलेली मोटार हा अडथळा नसेल तर अडथळा म्हणजे काय, याची व्याख्या आयुक्तांनी एकदा जाहीर करावी.

‘सायकलवाले नियम कुठे पाळतात? उलटे येतात, सिग्नल तोडतात.’ येतात. तोडतात. आम्ही त्यांना संत म्हणत नाही. पण लांबच लांब दुभाजक टाकून मधली सगळी तोंडे बंद केली, की पलीकडच्या कारखान्यात जायला पायांनी पॅडल मारणाऱ्या माणसाने किती लांबचा वळसा घ्यायचा, हे दुभाजकाच्या उद्घाटनाला फीत कापणाऱ्याने कधी विचारले होते? मोटारीला तो वळसा दोन मिनिटांचा असतो. सायकलवाल्याचा त्यात घाम जातो आणि पाळीला उशीर झाला तर मजुरी जाते. देशात २०२२ साली रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली, त्यांत साडेचार हजारांहून जास्त सायकलस्वार होते. यातल्या एकाने तरी आपल्या सायकलीखाली कुणाला चिरडून मारले, अशी बातमी आमच्या वाचनात नाही.

आणि ऊन! सोलापूरच्या उन्हाचा पुढाऱ्यांना फार कळवळा. ‘मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो हो, सायकल कोण चालवणार?’ कडुलिंब कुणी तोडले? रस्ता रुंदीकरणाच्या नावाखाली ज्यांनी सावली कापून विकली त्यांनीच उन्हाचे कारण सांगावे, याला कोडगेपणा म्हणतात. ज्याला कामावर जायचे आहे तो उन्हातही जातो. त्याला घरी बसायची चैन नाही. आणि हे शहर सायकलला किती सोयीचे आहे! घाट नाही, मोठे चढ नाहीत. जुने गाव आटोपशीर. अशोक चौकातून नवी पेठ, नवी पेठेतून रेल्वे स्टेशन, स्टेशनवरून सात रस्ता, हे सगळे सायकलच्या टप्प्यातले अंतर. हेग-ॲम्स्टरडॅमला पाऊस, वारा आणि बर्फ असूनही जे जमते, ते इथे जमू नये?

हॉलंडचे नाव काढले की आपले पुढारी हसतात. ‘तो देश वेगळा, ती माणसे वेगळी.’ माणसे काही वेगळी नाहीत. साठीच्या दशकात तिथेही मोटारींचेच राज्य होते, तिथलेही नगररचनाकार जुन्या पेठा पाडून हमरस्ते काढायला निघाले होते. १९७१ या एका वर्षात त्या चिमुकल्या देशात सुमारे ३,३०० माणसे रस्त्यावर मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले. व्हिक लांगेनहोफ नावाच्या पत्रकाराची लहान मुलगी शाळेच्या वाटेवर सायकलवरून जाताना मोटारीखाली गेली. त्याने १९७२ साली वर्तमानपत्रात लेख लिहिला, मथळा दिला ‘बालहत्या थांबवा’. आईबाप रस्त्यावर उतरले, त्यांनी चौक अडवले, त्या मथळ्याच्याच नावाची चळवळ उभी राहिली. १९७३ च्या तेलटंचाईत सरकारला रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा लोकांना कळले की रस्ता मोकळा कसा दिसतो. पंतप्रधान योप देन उयिल यांना चळवळीतल्या लोकांचे ऐकून घ्यावे लागले. सायकल तिथे संस्कृतीने आली नाही, पुढाऱ्यांना घाम फोडून आणली गेली. त्यानंतर कित्येक वर्षांनी मार्क रुटे हे पंतप्रधान राजाला भेटायला सायकलवरून जाऊ शकले; आणि त्यांच्या पुढे-मागे ताफा नव्हता.

आपल्याकडे असे साधे पुढारी झाले नाहीत असे नाही. याच जिल्ह्यात सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आलेले गणपतराव देशमुख आमदार असताना एसटीने प्रवास करत. एसटीत बसणाऱ्या आमदाराला एसटीचे हाल कुणी सांगावे लागत नाहीत. आज नगरसेवक झाल्यावर पहिल्यांदा काय बदलते, तर गाडी. काचा काळ्या होतात आणि वॉर्ड दिसेनासा होतो.

या काळ्या काचांतून शहराकडे बघणाऱ्यांना एकच औषध ठाऊक आहे, उड्डाणपूल. जुना पुणे नाका ते पत्रकार भवन एक, जुना बोरामणी नाका ते मोरारका बंगला दुसरा. किती निवडणुका या दोन पुलांवर लढवल्या गेल्या! भूसंपादन, मोबदला, निविदा, श्रेय. एकाने मंजुरी आणली, दुसऱ्याने निधी आणला, तिसऱ्याने अडवले. जड वाहतूक शहरातून जाऊन माणसे मरत असताना तिला बाहेरची वाट द्यायला हवी, याबद्दल आमचा वाद नाही. पण जे या पुलांसाठी घसा कोरडा करतात त्यांच्यापैकी कुणी सभागृहात विचारले का, की पुलाखालच्या उरल्यासुरल्या रस्त्यावर सायकलवाला कुठून जाणार? पुलाच्या खांबांनी, त्यांच्या चौथऱ्यांनी आणि दोन खांबांमध्ये उभ्या राहणाऱ्या मोटारींनी खालची जागा गिळली, की कडेला गटार उरते. प्रकल्प अहवालात सायकलसाठी राखलेली रुंदी किती मीटर, एवढा आकडा जाहीर करा. आकडा शून्य असेल तर शून्य म्हणून जाहीर करा.

व्यापाऱ्यांनाही दोन शब्द. पेठेत मोटारी बंद केल्या तर धंदा बसेल, ही भीती पुढाऱ्यांच्या कानी घालणारे तुम्हीच. शेटजी, जरा गल्ल्यावरून उठून दाराशी या आणि मोजा. तुमच्या दारात उभी असलेली मोटार तुमच्या गिऱ्हाइकाची आहे, की शेजाऱ्याची, की तुमच्याच मुलाची? दिवाळीच्या आधीच्या रविवारी, जेव्हा पेठेत वाहन हलूच शकत नाही, तेव्हाच तुमचा गल्ला सर्वांत जड असतो. मोटार खरेदी करत नाही, माणूस करतो, आणि एका मोटारीच्या जागेत दहा माणसे उभी राहतात.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे जवळपास चार वर्षे या शहरात प्रशासकाचे राज्य होते. काहीही विचारले की ‘आमच्या हातात काय आहे’ म्हणून नेते मोकळे. ते निमित्त आता संपले. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने सभागृह पुन्हा भरले आहे. याच शहराच्या नगरपालिकेने १९३० साली इंग्रजांची पर्वा न करता आपल्या इमारतीवर तिरंगा चढवला होता. तिच्या वारसांना उद्या फासावर जायचे नाही की तुरुंगात बसायचे नाही. नवी पेठेतून मोटारी बाहेर काढायच्या आहेत, एवढेच!

तेव्हा ठराव असा मांडा. सकाळी अकरापासून रात्री नऊपर्यंत नवी पेठेत मोटारींना बंदी. म्हाताऱ्या आणि अपंग माणसांसाठी रिक्षाला मुभा, मालाचे टेम्पो पहाटे. मोटारींची जी जागा मोकळी होईल तीत सायकलतळ, कुलूप लावण्याच्या लोखंडी कमानीसह आणि फुकट, कारण मोटारीला आजवर ती फुकटच होती. कन्ना चौक आणि अशोक चौकाकडून पेठेपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत दोन्ही अंगांना दोन-दोन मीटरची सलग सायकलवाट, रंगाच्या पट्ट्याची नको, दगडी कठड्याने अलग केलेली हवी, आणि कडेने कडुलिंब. त्या वाटेवर मोटार उभी राहिली तर दंड मोटारवाल्याला आणि ती रोज उभी राहू लागली तर जाब विभागीय अधिकाऱ्याला. या सगळ्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष, त्यातला पैसा दुसऱ्या कामाकडे वळवायला बंदी. आणि वाट तयार झाल्यावर तिच्या उद्घाटनाला पुढाऱ्यांना बोलावू नये; तीवरून सकाळच्या पाळीला जाणारा पहिला माणूस पुरेसा आहे.

ठराव सभेपुढे आला की आवाजी मतदान नको. हात वर करून घ्यावे. कोण बाजूने, कोण विरुद्ध, आणि कोण नेमका त्या वेळी चहाला बाहेर गेला, या तिन्ही याद्या आम्ही प्रभागवार, पहिल्या पानावर, नावानिशी छापू.